सोळा मिनिटांची फिल्म आणि ख्वाजा अहमद अब्बास

१ जून हा ख्वाजा अहमद अब्बास यांचा स्मृतिदिन. १९८७ साली याच दिवशी मुंबईत त्यांचा इंतकाल झाला. दरवर्षी या सुमारास त्यांची आठवण निघते ती ‘आवारा’, ‘श्री ४२०’ आणि ‘बॉबी’चे लेखक म्हणून, नाहीतर अमिताभ बच्चन यांना पहिली भूमिका देणारे दिग्दर्शक म्हणून. त्यात चूक काही नाही. पण यंदा आम्हाला अब्बास साहेब आठवले ते मोबाइलवरच्या एका व्हिडिओमुळे.

झालं असं, की नववीच्या मुलांनी मधल्या सुट्टीत आम्हाला एक व्हिडिओ दाखवला. वर ‘डॉक्युमेंटरी’ असा शिक्का. वस्ती आमचीच, मीरा रोडचं नयानगर. जुम्याची नमाज झाल्यावर मशिदीतून बाहेर पडणारी माणसं, बुरख्यातल्या बायका, केळीवाल्याची हातगाडी, रिक्षांची गर्दी. एकूण एक दृश्य खरं. संगीत मात्र भुताच्या सिनेमात असतं तसं. आणि सगळं जरा संथ करून दाखवलेलं, म्हणजे साधा चालणारा माणूसही दबा धरून चाललाय असं वाटावं. एका मुलाला त्यात त्याचे मामू दिसले. ते केळी घेत होते, बस. मुलांचा प्रश्न सरळ होता. सगळं खरंच दाखवलंय, मग यात खोटं काय आहे? आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये नयानगरात तणाव झाला, पाठोपाठ बुलडोझर आला, तेव्हापासून आमच्या गल्ल्यांना कॅमेऱ्याची सवय झाली आहे. या प्रश्नाची अजून झालेली नाही.

उत्तर शोधताना अब्बास साहेब सापडले. खरं दृश्य आणि खरी गोष्ट यांत किती अंतर असतं, हे त्यांनी पत्रकार म्हणून पाहिलं होतं, दिग्दर्शक म्हणून अनुभवलं होतं. आणि सोळा मिनिटांच्या एका फिल्मसाठी ते थेट सुप्रीम कोर्टात गेले होते.

त्यांचा जन्म ७ जून १९१४ चा, पानिपतचा. घराणं हालींचं. उर्दूच्या तासाला आम्ही ज्या मौलाना अल्ताफ हुसैन हालींच्या नज्मा शिकवतो, ते अब्बासांच्या आईचे आजोबा. गालिबचे शागिर्द. कौमचे दोष कौमच्या तोंडावर सांगणारे शायर. त्यांच्या ‘मुसद्दस’मध्ये मुसलमानांच्या पडझडीचं जे वर्णन आहे ते वाचून त्या काळी अनेक जण दुखावले होते. पण हाली बाहेरच्याला तमाशा दाखवत नव्हते, घरच्यांना आरसा दाखवत होते. ही घराण्याची शिदोरी अब्बासांना पुढे फार उपयोगी पडली असं आम्हाला वाटतं.

शाळा पानिपतच्या हाली मुस्लिम हायस्कूलमध्ये. मग अलीगढ. १९३३ ला इंग्रजी साहित्यात बीए, १९३५ ला एलएलबी. वकिली शिकले पण मन वर्तमानपत्रात. अलीगढला असतानाच ‘अलीगढ ओपिनियन’ नावाचं विद्यार्थ्यांचं साप्ताहिक काढलं. १९३५ मध्ये मुंबई गाठली आणि ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये लागले. तिथे राजकारणावर लिहिता लिहिता सिनेमाची समीक्षाही करू लागले. तिथेच ‘लास्ट पेज’ हा स्तंभ सुरू झाला. पुढे तो ‘ब्लिट्झ’मध्ये गेला, उर्दूत ‘आझाद कलम’ नावाने येऊ लागला, आणि मरेपर्यंत चालला. पन्नास वर्षांहून जास्त! आम्हाला महिन्याला एक लेख लिहिताना घाम फुटतो.

सिनेसमीक्षक अब्बासांच्या समोर तेव्हा काय येत होतं ते पाहायला हवं. हिंदुस्थान कसा आहे हे जगाला सांगण्याचा धंदा तेव्हा जोरात होता. १९२७ मध्ये कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंनी हिंदुस्थानच्या घाणीवर, बालविवाहांवर, बाळंतपणांवर पुस्तक लिहून खळबळ उडवून दिली होती. तिने पाहिलेलं पुष्कळसं खरं होतं, पण ते मांडलं होतं हे लोक स्वराज्याच्या लायकीचे नाहीत हे ठसवायला. सिनेमावाले त्याच वाटेने निघाले. १९३८ मध्ये ‘द ड्रम’ हा इंग्रजी सिनेमा मुंबईत लागला. सरहद्दीवरचे मुसलमान दगाबाज आणि माथेफिरू, साहेब मात्र शूर, असा सगळा मामला. मुंबईत निदर्शनं झाली, सिनेमा काढून घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी हॉलिवूडचा ‘गंगा दीन’ आला. त्यावर बंगाल आणि मुंबई प्रांतात बंदी आली. ‘फिल्मइंडिया’ मासिकातून अशा चित्रपटांवर तुटून पडणाऱ्यांमध्ये अब्बास होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तेव्हाची बंदी परक्या राजवटीत आली होती आणि आपल्या लोकांना ती हवी होती.

पण नुसती टीका करून भागणार नव्हतं. दुसऱ्याने आपलं चित्र वाईट काढलं तर आपण आपलं चित्र काढायला शिकायचं, हे त्यांनी मनावर घेतलं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं गेली. त्यावर अब्बासांनी १९४६ मध्ये इप्टातर्फे ‘धरती के लाल’ केला. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिला चित्रपट. बलराज साहनी, शंभू मित्रा, तृप्ती मित्रा असे नाटकातले लोक, संगीत रविशंकरांचं. बंगालचा दुष्काळ, पण चित्रीकरणाला हात दिला आपल्या धुळ्याच्या शेतकऱ्यांनी. किसान सभेची माणसं पडद्यावर दुष्काळग्रस्त म्हणून चालली. भूक म्हणजे काय हे खानदेशातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्याच वर्षी चेतन आनंदांचा ‘नीचा नगर’ आला, त्याच्या पटकथेत अब्बास होते. वरच्या वस्तीचं सांडपाणी खालच्या वस्तीत सोडण्याची ही गोष्ट. पहिल्या कान महोत्सवात तिला सर्वोच्च बक्षिसाचा मान मिळाला. आणि त्याच वर्षी व्ही. शांतारामांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता गेलेल्या सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांवर अब्बासांनी पुस्तक लिहिलं होतं, त्यावरूनच हा चित्रपट झाला. पानिपतच्या माणसाने सोलापूरच्या माणसाची गोष्ट जगाला सांगितली. आमच्या मराठी वाचकांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे.

फाळणी आली. अब्बास मुंबईतच राहिले. त्या आगीतून त्यांची ‘सरदारजी’ ही कथा आली. तिच्यातला मुसलमान निवेदक शिखांबद्दल मनात भरपूर विष घेऊन बसलेला असतो, आणि शेवटी एक सरदारजीच त्याच्यासाठी जीव देतो. पण सुरुवातीचं विष वाचून लोक भडकले, शेवटापर्यंत थांबलेच नाहीत. कथेवर खटला झाला. अर्धीच गोष्ट वाचून, अर्धंच दृश्य पाहून निकाल लावायची सवय आपल्याकडे मोबाइलच्या आधीपासून आहे.

१९५१ मध्ये ‘नया संसार’ ही स्वतःची संस्था काढली. राज कपूरसाठी लिहून पैसे मिळवायचे आणि ते स्वतःच्या चित्रपटांत घालवायचे, असा हिशेब आयुष्यभर चालला. ‘मुन्ना’मध्ये एकही गाणं ठेवलं नाही. रशियाबरोबर ‘परदेसी’ केला. १९६३ च्या ‘शहर और सपना’मध्ये मुंबईत घर शोधणारं एक जोडपं गटाराच्या मोठ्या सिमेंटच्या पाइपात संसार थाटतं. त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. ज्यांनी मीरा रोड-भाईंदरच्या इमारती उभ्या राहताना पाहिल्या आहेत त्यांनी असे पाइप आणि त्यांतली कुटुंबं पाहिलेली आहेत. त्या इमारती बांधणारे त्यांत राहायला आले नाहीत, आम्ही आलो.

आता जगात तेव्हा काय चाललं होतं तिकडे वळू. १९६२ मध्ये इटलीत ‘मोंडो काने’ नावाची डॉक्युमेंटरी निघाली. जगभरातल्या विचित्र, किळसवाण्या, उघड्यावाघड्या प्रथा एकामागून एक. कुठे काय खातात, कुठे कसे मरतात. फिल्म तुफान चालली आणि तिच्या नकलांची रांगच लागली. याच मंडळींपैकी जाकोपेत्ती आणि प्रोस्पेरी यांनी १९६६ मध्ये ‘आफ्रिका आदियो’ काढली. गोरे राज्यकर्ते निघून गेले आणि आफ्रिका रानटी झाली, असा तिचा सूर. त्यात १९६४ मध्ये झांझिबारला झालेल्या अरब मुसलमानांच्या कत्तलीची आकाशातून घेतलेली दृश्यं आहेत. पांढऱ्या कपड्यातली माणसं, वरून पाहिलेली. ती माणसं कोण, त्यांना का मारलं, मारणारे कोण, काही नाही. फक्त मरण. काही गोळीबार कॅमेऱ्याच्या सोयीसाठी थांबवून घडवले, असाही आरोप झाला. इटलीत तपास झाला, जाकोपेत्ती निर्दोष सुटले. पण फिल्मला नाव काय? डॉक्युमेंटरी.

हा माल बाजारात गरम असताना, १९६८ मध्ये, अब्बासांनी ‘चार शहर एक कहानी’ ही सोळा मिनिटांची फिल्म केली. कृष्णधवल. मजुरांचं एक गाणं आणि मागचं थोडं संगीत, आवाज सोडले तर मुकीच. शहरं कलकत्ता, मुंबई, मद्रास, दिल्ली. एकीकडे श्रीमंतांचं ऐशोआरामाचं जगणं, दुसरीकडे ज्यांच्या हातांनी ही शहरं बांधली त्यांचं नरकात राहणं. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीतली थोडी दृश्यं होती. दारात, खिडकीत उभ्या बायका. एक खिडकी बंद होते. एक नोट या हातातून त्या हातात जाते.

१९६९ मध्ये त्यांनी सर्वांना पाहता येईल असं ‘यू’ प्रमाणपत्र मागितलं. सेन्सॉर बोर्ड म्हणालं, ही फक्त प्रौढांसाठी. अब्बासांनी दाद मागितली, पुन्हा तेच उत्तर. मग केंद्र सरकारकडे अपील. सरकार म्हणालं, ‘यू’ देऊ, पण वेश्यावस्तीचा भाग कमी करा. खिडकी बंद होते ते काढा, उघडे गुडघे काढा, नोट देताना दिसते ते काढा.

आम्ही वर्गात मुलांना इथे थांबवलं आणि विचारलं, की नोट का काढायला सांगितली असेल? गुडघ्याचं समजू शकतं. नोटेत काय अश्लील आहे? थोडा वेळ शांतता. मग एक मुलगी म्हणाली, की नोट दिसली की घेणारा दिसतो, देणारा दिसतो. आमच्या मते सगळी गोष्ट त्या उत्तरात आली. सनसनाटी फिल्मला बाई हवी असते, नोट नको असते. इटलीवाल्यांनी ते दृश्य केलं असतं तर गुडघे जास्त वेळ दाखवले असते आणि नोट गाळली असती. अब्बासांच्या फिल्ममध्ये बाईपेक्षा नोट महत्त्वाची. आणि सरकारला या दोन फिल्ममधला फरक कळत नव्हता, किंवा फार चांगला कळत होता. नयानगरच्या व्हिडिओत काय खोटं होतं, याचं उत्तरही मुलांनी आपलं आपण काढलं. मामू दिसले, पण त्यांच्या हातातली केळी दिसत नव्हती.

अब्बास तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. नुकतीच पद्मश्री मिळाली होती. चार-दोन कात्र्या मारून मोकळं होता आलं असतं. सोळा मिनिटांच्या फिल्ममध्ये पैसे ते काय येणार? पण अलीगढची वकिलीची पदवी कुठेतरी जागी असावी. त्यांनी सुप्रीम कोर्टात रिट दाखल केली. पाच न्यायमूर्तींच्या पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्लाह. हे आपल्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती, आणि देशाचे पहिले मुस्लिम सरन्यायाधीश. याचिकाकर्ता एक मुसलमान, निकाल लिहिणारा दुसरा मुसलमान, आणि वाद सबंध देशाच्या अभिव्यक्तीचा. आज हे कुणी पटकथेत लिहिलं तर निर्माता म्हणेल जरा जास्तच झालं.

सुनावणीत सरकार नरमलं. सॉलिसिटर जनरलनी कबूल केलं, की या फिल्मला कात्री न लावता ‘यू’ देऊ. शिवाय सेन्सॉरच्या निर्णयाला मुदत घालू, आणि अपील सरकारकडे न ठेवता न्यायालयाकडे किंवा स्वतंत्र लवादाकडे देऊ. म्हणजे फिल्म सुटली. दुसरा कुणी असता तर पेढे वाटून घरी गेला असता. अब्बासांनी मात्र मूळ मुद्दा धरून ठेवला, की चित्रपट दाखवण्याआधीच तो तपासायची ही पद्धतच घटनेत बसते का? पुस्तकाला, वर्तमानपत्राला असं काही नाही, मग सिनेमालाच का?

२४ सप्टेंबर १९७० ला निकाल आला. या मूळ मुद्द्यावर अब्बास हरले. चित्रपट माणसाच्या मनावर इतर कलांपेक्षा जास्त खोल परिणाम करतो, लहान मुलं आणि कच्च्या मनाची माणसंही तो पाहतात, म्हणून त्याला वेगळं वागवणं योग्य, असं कोर्टाने ठरवलं. पण त्याच निकालात हिदायतुल्लाह साहेबांनी सरकारलाही सुनावलं. अश्लीलता आणि कला यांतला फरक तुमच्या नियमांत दिसत नाही. समाजाचे दोष दाखवायला कलावंताला मोठी मोकळीक हवी. मोजमाप सर्वात कच्च्या प्रेक्षकाच्या मनाने करू नका. पुढच्या कित्येक खटल्यांत दोन्ही बाजूंचे वकील हाच निकाल घेऊन उभे राहिले, एक पहिला भाग वाचणारा, दुसरा दुसरा.

गंमत म्हणजे त्याच १९७० मध्ये सरकारचं आणखी एका डॉक्युमेंटरीशी भांडण चालू होतं. फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांनी भारतात फिरून सात भागांची मालिका केली होती. बीबीसीने ती दाखवली. देशाची गरिबीच दाखवता म्हणून सरकारने निषेध केला आणि बीबीसीचं दिल्लीतलं कार्यालय बंद करायला लावलं. परक्याने गरिबी दाखवली तरी राग, घरच्याने दाखवली तरी राग. गरिबीचा राग मात्र त्या मानाने कमीच.

कबूल केलेला स्वतंत्र लवाद यायला बरीच वर्षं लागली. कायद्यात दुरुस्ती १९८१ ला, लवाद प्रत्यक्षात १९८३ ला. अब्बास तेव्हा हयात होते. २०२१ मध्ये तो लवाद सरकारने बरखास्त केला. आता पुन्हा हायकोर्टाची पायरी चढायची. छोट्या डॉक्युमेंटरीवाल्याला वकिलाची फी फिल्मच्या खर्चापेक्षा जास्त पडते.

इथे आम्हाला आपल्याच लोकांशी थोडं बोलायचं आहे. आपल्या समाजाला बदनाम करणारा एखादा चित्रपट आला की आपल्या बैठकीत पहिली मागणी बंदीची होते. २०२३ मध्ये ‘द केरला स्टोरी’च्या वेळी तेच झालं. ती डॉक्युमेंटरी नव्हती, पण खरी गोष्ट म्हणून विकली गेली. बंगालमध्ये बंदी घातली, सुप्रीम कोर्टाने ती थांबवली. पण बत्तीस हजार मुलींच्या आकड्याला अधिकृत आधार नाही आणि चित्रण काल्पनिक आहे, अशी पाटी निर्मात्यांना लावावी लागली. आम्हाला विचाराल तर त्या बंदीपेक्षा ही पाटी मोलाची. बंदीने चित्रपटाला गिऱ्हाईक मिळतं. पाटीने निदान आकडा उघडा पडतो. तरुण अब्बास ‘गंगा दीन’वर तुटून पडले तेव्हा बंदीची कात्री आपल्या बाजूची वाटत होती. तीस वर्षांनी तीच कात्री त्यांच्या खिडकीवर आणि नोटेवर आली. आम्हीसुद्धा नयानगरच्या त्या व्हिडिओविरुद्ध तक्रार लिहायला बसलो होतो, हे लपवत नाही. अर्ज अर्धा लिहून झाला होता. तो अजून टेबलाच्या खणात आहे.

कोर्टकचेरीच्या या दिवसांतच अब्बासांनी ‘सात हिंदुस्तानी’ केला. गोवामुक्तीसाठी गेलेल्या सात जणांची ही गोष्ट. त्यात त्यांनी एक खोडी केली. ज्याला त्याला त्याच्या प्रांताबाहेरची भूमिका दिली. बंगाली उत्पल दत्त पंजाबी झाले, जलाल आगा मराठी पोवाडेवाला शाहीर सखाराम शिंदे झाला, आणि अलाहाबादचे अमिताभ बच्चन बिहारचे मुसलमान शायर अन्वर अली. चेहरा पाहून माणूस ओळखायची आपली सवय मोडायचा त्यांचा हा साधा उपाय होता. आम्ही मुलांना तो दाखवला तेव्हा ती हसली, मग शाहीर शिंद्याचा खरा धर्म कोणता यावर बराच वेळ वाद घालत बसली.

पुढची वर्षं धावपळीची गेली. ‘बॉबी’ने राज कपूरला तारलं. १९७७ ला आत्मचरित्र, १९८० ला ‘द नक्सलाइट्स’. शरीर थकलं, स्तंभ थांबला नाही. शेवटचा ‘एक आदमी’ त्यांच्या मागे, १९८८ मध्ये आला. आपल्या वसीयतीत त्यांनी जनाजा जुहूच्या गांधीजींच्या पुतळ्यापर्यंत न्यावा, आणि पुढे लेझीमचं पथक असावं, अशी इच्छा लिहून ठेवली होती.